विद्यापीठाच्या विजेचा नकाशा: क्यूजीआयएस आणि क्यूफिल्ड वापरल्यानंतरचा अनुभव

मोबाइलवर क्यूफिल्ड (जागेवर नोंदी घेण्याचं अ‍ॅप), ऑफिसच्या संगणकावर क्यूजीआयएस (नकाशे तयार करण्याचं सॉफ्टवेअर) आणि हातात मोजपट्टी, मुख्यतः एवढ्या सामानावर आम्ही मराठवाड्यातल्या एका विद्यापीठ परिसराचं विजेचं जाळं नकाशावर आणलं. उन्हाळ्यात सुरू केलेलं काम पावसाळ्यात रखडलं, दिवाळीनंतर पुन्हा वेगानं झालं आणि आता नकाशा रोजच्या वापरात आहे. हे घ्यावं का, असं दुसऱ्या महाविद्यालयांतले अभियंते विचारतात. माझं उत्तर आहे, जरूर घ्या. पण जीपीएस तुम्हाला वस्तू कुठे आहे एवढंच सांगतं. तिला पुरवठा कुठून येतो आणि ती पुढे कोणाला देते, हे माणसांकडूनच काढून घ्यावं लागतं आणि नकाशाची खरी किंमत तिथेच आहे.

आमच्याकडे महावितरणचा ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) पुरवठा मीटरिंग क्युबिकलपर्यंत, म्हणजे मीटरच्या पेटीपर्यंत येतो. त्यापुढचं सगळं विद्यापीठाचं: एचटी (उच्च दाबाची) केबल, ट्रान्सफॉर्मर, एलटी (कमी दाबाचं) पॅनल, फीडर पिलर (पुढे फाटे देणारी फ्यूजची पेटी), पथदिवे, जनरेटर, अर्थिंगचे (वीज जमिनीत सोडणारे) खड्डे. इमारती वेगवेगळ्या दशकांत उभ्या राहिल्या. जिथे जागा मिळाली तिथून केबल गेली आणि जुन्या ड्रॉइंगमध्ये त्यातलं निम्मंही नव्हतं. खरा नकाशा वायरमन मंडळींच्या डोक्यात होता आणि त्यातले दोघेतिघे निवृत्तीला आले होते. काम तातडीनं हाती घेण्याचं कारण तेच.

दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहेत, परवान्याचा खर्च नाही. क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक प्रकाराचा वेगळा लेयर (नकाशाचा थर) केला आणि शक्य तिथे निवडीची यादी ठेवली, म्हणजे एकजण ‘फिडर पिलर’, दुसरा ‘एफपी’ आणि तिसरा ‘डबा’ असं लिहिणार नाही. मोबाइलवर जागेवरच फॉर्म भरायचा, दार उघडून आतला फोटो काढायचा, संध्याकाळी संगणकावर जोडून घ्यायचं. इंटरनेट नसतानाही हे चालतं. आमच्या शेताकडच्या बाजूला रेंज मिळत नाही, त्यामुळे ही सोय फारच उपयोगी पडली.

अक्षांश-रेखांशाबद्दल एक गोष्ट आधीच ठरवून टाका. जीपीएस अंशांत आकडे देतं. दशांश चिन्हानंतरचा पाचवा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण एक मीटर. पण केबलची लांबी अंशांत मोजून काही हाती लागत नाही, मीटर हवेत. छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड ही तिन्ही शहरं ७२ ते ७८ अंश पूर्व या पट्ट्यात, म्हणजे यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा-पद्धतीच्या ४३ क्रमांकाच्या झोनमध्ये येतात. प्रोजेक्टला ईपीएसजी ३२६४३ हा त्या झोनचा संकेतांक दिला की लांबी थेट मीटरमध्ये मिळते.

आता अचूकता. मोकळ्या मैदानात साधा मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो. लिंबाच्या दाट झाडाखाली किंवा तीन मजली इमारतींच्या बोळात सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि बिंदू दहा-दहा मीटर सरकतो. पथदिव्याच्या खांबाला हे चालून जातं, कारण खांब डोळ्यांना दिसतो. जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटला चालत नाही. जेसीबीच्या बकेटपुढे पाच मीटरच्या फरकाला काही अर्थ उरत नाही. त्यात उपग्रहाच्या छायाचित्राचीही जागा काही मीटर हललेली असू शकते. त्यामुळे चित्र आणि बिंदू जुळले नाहीत, तर त्यातलं कुठलं खरं हे नुसत्या स्क्रीनवर बघून ठरत नाही.

आम्ही यावर दोन उपाय ठेवले. एक, क्यूफिल्डमध्ये एकाच जागेची अनेक वाचनं घेऊन सरासरी काढण्याची सोय आहे, ती प्रत्येक बिंदूला वापरली. दुसरा उपाय जुना आणि जास्त भरवशाचा: इमारतीच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून पट्टीनं अंतर मोजायचं आणि दोन्ही आकडे फॉर्ममध्ये लिहायचे. उद्या मोबाइल नसला तरी पट्टी घेऊन कोणीही त्या जागेवर पोचेल. कोपऱ्यांची नावं मात्र नीट लिहा. ‘ग्रंथालयाचा कोपरा’ म्हटलं तर ग्रंथालयाला चार कोपरे आहेत.

जुन्या ग्रंथालयामागचा फीडर पिलर आठवतो. दार गंजून धरलेलं, आत गांधीलमाशीचं पोळं, तळाला आलेल्या केबलच्या ग्लँडवर मातीचा थर. एका फ्यूजच्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटनं ‘मुलींचे वसतिगृह’ लिहिलेलं. आमचे ज्येष्ठ वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते वाकून बघत म्हणाले, “साहेब, ह्याच्यावर जाऊ नका. वसतिगृह कधीच नव्या पॅनलवर गेलंय. ह्याच्यावर आता परीक्षा विभाग चालतो.” खात्री करायला सुट्टीच्या दिवशी तो फ्यूज काढला, तर परीक्षा विभागाचेच दिवे गेले. पुढे केबल कुठून जाते विचारलं, तर मामा सरळ रेषेत चाललेच नाहीत. मध्येच डावीकडे वळले. “इथं मोठा लिंब होता. मुळं तोडायची नाहीत म्हणून वळसा घातलाय.” ते झाड आता तिथे नाही, त्यामुळे तो वळसा दुसऱ्या कुठल्याही मार्गानं कळला नसता. आम्ही मामांना पुढे चालू दिलं आणि त्यांच्या पावलांमागून रेषा आखत गेलो.

अशा रेषांना आम्ही वेगळा दर्जा दिला आणि सगळ्यात जास्त आग्रह मी याच गोष्टीचा धरेन. प्रत्येक केबलच्या रेषेला ‘खात्री’ नावाचा रकाना आहे: उघड्या चरात पाहिलेली, केबल लोकेटरनं (जमिनीखालची केबल हुडकणाऱ्या यंत्रानं) शोधलेली, वायरमनच्या सांगण्यावरून, की नुसता अंदाज. नकाशात त्यानुसार रंग बदलतो. हा फरक नोंदला नाही, तर अंदाजानं ओढलेली रेषाही संगणकावर तितकीच ठाम दिसते आणि खोदणारा तिच्यावर विसंबतो. आयएस १२५५ या केबल टाकण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे एलटी केबल पाऊण मीटर आणि ११ केव्हीची ०.९ मीटर खोल हवी. पण वरची माती कधी काढली गेली, कधी भर पडली, तर कागदावरच्या खोलीवर विसंबता येत नाही. काळ्या मातीत आणखी एक भानगड असते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते आणि केबलच्या जॉइंटवर ताण येत राहतो. म्हणून प्रत्येक जॉइंट स्वतंत्र बिंदू म्हणून घ्या. केबलमध्ये बिघाड झाला की आधी तिथेच शोधायचं असतं.

‘पुरवठा कुठून’ हा रकाना भरायला फिरण्यापेक्षा जास्त वेळ लागला. प्रत्येक पॅनल, पिलर आणि खांबासमोर त्याच्या आधीच्या वस्तूचा क्रमांक लिहायचा. साखळी पूर्ण झाली की एखादा ट्रान्सफॉर्मर निवडून त्याच्याखाली येणाऱ्या सगळ्या इमारतींची यादी काढता येते. आता शटडाउनचं पत्र काढताना अंदाज नसतो. परीक्षेच्या काळात कोणती इमारत वगळायची, जनरेटरवर काय राहणार, हे आधीच सांगता येतं. एका ट्रान्सफॉर्मरवर भार वाढत चालला होता. नव्या प्रयोगशाळेची केबल जवळच्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवरून नेली तर लांबी किती आणि व्होल्टेज ड्रॉप (केबलमध्ये होणारी व्होल्टेजची घट) किती, याची तुलना टेबलावर बसूनच झाली.

अर्थिंगचा लेयर मला सुरुवातीला दुय्यम वाटायचा, आता रोज उपयोगी पडतो. खड्ड्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) मे महिन्यात माती सुकल्यावर वाढतो आणि पावसानंतर उतरतो. फक्त ऑगस्टमध्ये मोजलं तर सगळे खड्डे चांगलेच दिसतील. प्रत्येक खड्ड्याला दोन्ही ऋतूंची वाचनं जोडली, आणि मे महिन्यात मर्यादेबाहेर जाणारे खड्डे वेगळ्या रंगात दिसायला लागले. पाणी घालायला टँकर कुठे पाठवायचा, हे त्यावरूनच ठरतं.

एक इशारा मात्र मनापासून देतो. नकाशात लाइन बंद दिसते म्हणून कोणीही हात लावू नये. परिसरात जनरेटर आहेत, छतांवर सौर पॅनल आहेत, पुरवठा दुसऱ्या बाजूनंही येऊ शकतो. टेस्टरनं तपासणं, उरलेली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावणं, स्विचला कुलूप आणि पाटी लावणं हे जसंच्या तसं चालू राहिलं पाहिजे. सगळ्या पुरवठ्यांच्या जागा आम्ही ठळक लाल चिन्हानं दाखवल्या त्या याचसाठी.

अडचणी सांगायच्या तर उन्हात मोबाइलचा पडदा दिसत नाही आणि फोन तापून बंद पडतो, म्हणून सकाळी लवकर आणि संध्याकाळी काम करा. दोघांनी एकाच फाइलमध्ये वेगवेगळे बदल केले तर ते जुळवताना डोकेदुखी होते. मुख्य फाइल एकाच्याच ताब्यात ठेवा आणि रोज प्रत काढून ठेवा. नकाशा सगळ्यांसाठी खुला करू नका, त्यात संपूर्ण परिसराचा पुरवठा उघडा पडतो. सेंटिमीटरमध्ये अचूकता हवी असेल तर आरटीके रोव्हर (दुरुस्तीचा डेटा घेऊन जागा मोजणारा जीपीएस) लागतो. महाराष्ट्रात भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या) जाळ्यावरून त्याला दुरुस्तीचा डेटा मिळतो. आम्ही तो भाड्यानं आणून फक्त एचटी मार्ग आणि जॉइंट मोजले. खांबांसाठी तो खर्च नको.

अजून जुन्या प्रशासकीय इमारतीकडे जाणारा एचटी मार्ग ‘अंदाज’ याच रंगात आहे. तिथे केबल लोकेटर आणायचा आहे. दरम्यान नव्या कामांच्या निविदेत आम्ही एक अट घातली आहे: चर बुजवण्याआधी आमचा माणूस येऊन केबल, वळणं आणि जॉइंट मोजून नकाशात घेईल आणि त्या नोंदीवर आमची सही नसेल तर अंतिम बिल पुढे जाणार नाही. कंत्राटदारांनी सुरुवातीला कुरकुर केली. आता चर उघडा असतानाच त्यांचे फोन येतात.