टोकियो डोम : हवेवर उभं छप्पर, सामना पाहायला झकास, गाणं ऐकायला बेताचं

१९८८ साली सुरू झालेल्या या स्टेडियमच्या छपराला आत एकही खांब नाही. पंखे सतत हवा भरून आतला दाब बाहेरच्यापेक्षा ०.३ टक्के जास्त ठेवतात. हा फरक अंगाला जाणवत नाही, पण दर चौरस मीटरला साधारण ३० किलोचा रेटा देतो. टेफ्लॉनचा लेप दिलेलं काचतंतूंचं दुपदरी कापड आणि २८ पोलादी केबल, मिळून ४०० टनांचं छप्पर त्यावर तरंगतं. बर्फ साचू लागला की दोन पदरांमध्ये गरम हवा सोडतात. अमेरिकेत मिनिॲपोलिसला २०१० मध्ये अशाच हवेच्या छपरावर बर्फाचा भार वाढून कापड फाटलं होतं.

हवा निसटू नये म्हणून बरीच ये-जा फिरत्या दारांतून होते. सामना संपताना साधी दारं उघडली की मागून जोराचा झोत येतो, टोपी धरा.

बेसबॉलसाठी जागा उत्तम. वरच्या मजल्याच्या पायऱ्या मात्र चांगल्याच उभ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर खालचंच तिकीट घ्या. संगीताच्या कार्यक्रमात आवाज घुमतो, मागच्या रांगांत शब्द कळणं कठीण. त्या तिकिटाला पैसे घालू नयेत.

खाणंपिणं कार्डावर किंवा मोबाईलवरच. रोख चालत नाही. पेयांचे कॅन आणि काचेच्या बाटल्या आत नेऊ देत नाहीत, त्यातलं पेय दारातच कागदी पेल्यात ओतून घ्यावं लागतं. परतताना सुइदोबाशी स्थानकावर झुंबड उडते. कोराकुएन किंवा कासुगाही चालत गाठता येतं.