‘बिग लिटल लाइज’: कोण मेलं, हेच शेवटपर्यंत न सांगणारी कादंबरी

आपल्याकडे ‘पब्लिक स्कूल’ म्हटलं की भरमसाट फीची शाळा डोळ्यासमोर येते. ऑस्ट्रेलियात पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा. ऑस्ट्रेलियन लेखिका लिआन मोरिआर्टी यांच्या २०१४ सालच्या ‘बिग लिटल लाइज’ला हात घालण्याआधी एवढं ध्यानात ठेवा, कारण कादंबरीची सगळी गाडी त्यावरच चालते. सिडनीच्या समुद्रकाठची पिरिवी ही काल्पनिक वस्ती श्रीमंतांची, पण शाळा सगळ्यांची. चोवीस वर्षांची, एकटीनं मुलगा वाढवणारी, भाड्यानं राहणारी जेन आणि मोठ्या हुद्द्यावरची, घरी आया ठेवणारी रेनाटा यांची मुलं एकाच वर्गात येतात. खासगी शाळेत ही गाठ पडलीच नसती.

सुरुवात शाळेच्या प्रश्नमंजुषेच्या रात्री होते. बायका ऑड्री हेपबर्न बनून आल्यात, पुरुष एल्विस. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना आरडाओरडा ऐकू येतो, एक माणूस मेलेला असतो आणि लगेच आपण सहा महिने मागे जातो. इथून प्रत्येक टप्प्यावर त्या रात्रीला किती दिवस उरले ते छापलेलं. मोरिआर्टींचा डाव असा, की मारणारा कोण हे तर लपवलेलंच, मेलेला कोण हेही लपवलेलं. त्यामुळे डबा, वाढदिवस, बाहुली अशा कुठल्याही किरकोळ प्रसंगात समोरचं पात्र वाचेल का, ही धाकधूक लागून राहते.

प्रकरणांच्या शेवटी पालकांच्या जबान्यांचे तुकडे येतात. एकीच्या मते सगळ्याला कारण डोक्यातल्या उवा, दुसरीच्या मते फ्रेंच आया, तिसरी बुक क्लबवर खापर फोडते. हे तुकडे घाईनं ओलांडू नका. बहुतेक दिशाभूल करणारे आहेत, पण गावात बातमी कशी फुगते हे त्यांच्याइतकं नेमकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

वादाची ठिणगी पडते ती शाळेच्या ओळखदिनी. रेनाटाच्या अमाबेलाच्या मानेवर बोटांचे वळ उठलेत. बाई सगळ्या पालकांसमोर त्या पाच वर्षांच्या पोरीला विचारतात, कुणी केलं? ती जेनच्या झिगीकडे बोट दाखवते. तो म्हणतो, मी नाही केलं. चूक बाईंची आहे आणि ती फार खरी वाटते: मुलांना बाजूला घेऊन शांतपणे विचारायची गोष्ट भर चौकात विचारली, की कुणाही आईला माघार घेता येत नाही. पुढे वाढदिवसाच्या आमंत्रणातून झिगी वगळला जातो, त्याला शाळेतून काढावं म्हणून सह्या गोळा होतात. एकेक पायरी इतकी पटणारी, की कुठल्या वळणावर थांबता आलं असतं हे वाचता वाचता मनात मोजलं जातं.

कादंबरीचं मोल मात्र शाळेतल्या आणखी एका आईच्या, सेलेस्टच्या प्रकरणांत आहे. देखणी, श्रीमंत घरात नांदणारी, एके काळची वकील आणि नवऱ्याचा मार खाणारी. आपणही कधी हात उगारला होता, मुलांवर त्याचा जीव आहे, मागच्या वेळेला बरेच दिवस झाले, असे हिशेब ती मनात मांडत राहते. समुपदेशक तिला उपदेश करत नाही. निघायची वेळ आली तर कुठे जाणार, हे आधी ठरवून ठेवायला लावते. मग ती गुपचूप फ्लॅट भाड्यानं घेते आणि सामानानं भरू लागते. मारहाणीच्या वर्णनापेक्षा तिची ही तयारी जास्त अंगावर येते. ज्यांना हा विषय जड जाईल त्यांनी मनाची तयारी करूनच वाचावं.

उणिवाही आहेत. जेनची मैत्रीण मॅडलिन हिच्या थोरल्या लेकीचं इंटरनेटवरचं प्रकरण ओढूनताणून आणलंय आणि ज्या पद्धतीनं मिटतं तेही पटत नाही. मॅडलिन आणि तिच्या पहिल्या नवऱ्याची धुसफूस मध्यावर रेंगाळते. शेवटाकडे एक योगायोग जरा जास्तच सोयीचा आहे. झिगी खरं बोलतोय का, याचं उत्तर मात्र मोरिआर्टींनी वाचकाच्या नाकासमोर ठेवलंय, त्यात फसवणूक नाही. दुसऱ्यांदा वाचताना खुणा सापडतात.

२०१७ ची एचबीओ मालिका गाजली, पण कथा कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेला नेली आणि मृत्यूनंतर या बायका काय करतात तेही बदललं. मालिका आधी पाहिलीत तर कोण मेलं हे कळून पुस्तकातली निम्मी धाकधूक जाते, म्हणून पुस्तक आधी वाचा. इंग्रजी सोपं, प्रकरणं छोटी. अडचण होते ती नावांची: तीन घरं, त्यांची मुलं, मॅडलिनचा आधीचा नवरा, त्याची बायको बॉनी आणि त्यांची मुलगी. पहिल्या पन्नासेक पानांत कोण कुणाचं ते कागदावर लिहून ठेवा. बॉनीच्या नावापुढे थोडी जास्त जागा सोडा.