दुर्बिणीतून की पोट उघडून? आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरवताना

मावशीच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली तेव्हा नौपाड्याच्या घरी चार दिवस एकच वाद चालला होता. मामा म्हणायचे, "पोट उघडलं की डॉक्टरांना सगळं डोळ्यांनी दिसतं, मुळासकट निघतं." मावसबहीण म्हणायची, "दुर्बिणीतून करू, आई लवकर हिंडायला लागेल." दोघांच्याही पोटातली भीती मात्र एकच होती: रोग परत आला तर?

मामांची शंका अगदीच हवेतली नव्हती. १९९०च्या दशकात पोटाला छोटी छिद्रं पाडून दुर्बिणीतून हे ऑपरेशन करणं नवं होतं, तेव्हा दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागीच कॅन्सर परतल्याचे अहवाल आले होते. म्हणूनच दुर्बीण आणि ओपन (पोट उघडून) यांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्या झाल्या. अमेरिकेतल्या ८७२ रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००४ मध्ये आले. तीन वर्षांत रोग परतण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के आणि ओपनमध्ये १८ टक्के, म्हणजे फरक नाहीच म्हणा. जखमेच्या जागी रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याच्याही आत होतं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचा आकडाही दोन्हीकडे ७५ टक्क्यांच्या आसपासच. ब्रिटनमधल्या चाचणीत दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही हेच दिसलं.

मग फरक कुठे पडतो? पहिल्या काही आठवड्यांत. त्याच अमेरिकी चाचणीत ओपनचा छेद साधारण १८ सेंटिमीटरचा होता, दुर्बिणीचा ६. मावशीच्या शेजारच्या कॉटवरच्या आजी ओपनवाल्या. खोकला आला की आधी पोटाशी उशी घट्ट धरायच्या, मग खोकायच्या. मावशी दुसऱ्या दिवशी हात धरून बाथरूमपर्यंत गेली. दुर्बिणीला वेळ मात्र जास्त लागतो: त्या चाचणीत साधारण दीडशे मिनिटं, ओपनला पंचाण्णव. आणि गाठ अखंड बाहेर काढायला छोटा छेद द्यावाच लागतो, त्यामुळे पुढे हर्नियाची शक्यता संपत नाही.

एका मुद्द्यावर घरात कुणीच बोललं नव्हतं, आणि मला तोच सगळ्यात मोठा वाटतो. दुर्बिणीने सुरू केलेलं ऑपरेशन कधीकधी मध्येच ओपन करावं लागतं. ब्रिटनच्या चाचणीत पहिल्या वर्षी असं ३८ टक्के वेळा झालं, सहाव्या वर्षी १६ टक्के. रोग तोच होता, फक्त सर्जनचा हात बसला होता. म्हणून सर्जनना सरळ विचारा: वर्षाला आतड्याच्या कॅन्सरची अशी किती ऑपरेशनं करता? त्यातली किती ओपन करावी लागतात? चिडले तर दुसरीकडे दाखवा. मात्र ऐन वेळी त्यांनी पोट उघडायचं ठरवलं, तर ती त्यांची चूक समजू नका. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असेल तर तेच योग्य.

गाठ गुदाशयात असेल तर जास्त विचार हवा. ओटीपोटाची जागा अरुंद. मुख्यतः युरोपातल्या, २०१५च्या चाचणीत गुदाशयातही तीन वर्षांनी त्या भागात रोग परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे ५ टक्केच आलं. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या चाचण्यांना, काढलेला भाग ओपनइतकाच स्वच्छ निघतो, हे सिद्ध करता आलं नाही. इथे मी अनुभवी हाताशिवाय दुर्बीण निवडणार नाही. आतडं पूर्ण अडलं असेल, फुटलं असेल, तर ओपनलाच हो म्हणा.

शंका असेल तर दुसरं मत घ्या. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघरला उतरलं की टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र आहे. जाताना सीटी स्कॅनची सीडी आणि बायोप्सीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) सोबत ठेवा.

ऑपरेशन कसंही झालं तरी नंतरचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या आणि दोन गोष्टी बघा: काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ, म्हणजे कॅन्सरविना, आहेत का, आणि किमान १२ लसिका ग्रंथी (लिम्फ नोड) तपासल्यात का. मावशीच्या रिपोर्टवर १७ होत्या. त्या आकड्याखाली मामांनी स्वतः पेनाने रेघ मारली.