पॉवर प्रेसला काय लावायचं: जाळी, दोन बटणं की लाइट कर्टन?

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, कुठलंही छोटं प्रेस शॉप घ्या. कस्टमरचं ऑडिट जवळ आलं की ऑपरेटरचे हात वाचवायला लाइट कर्टनची (प्रेससमोर प्रकाशकिरणांचा पडदा, हात मधे आला की थांबायचा सिग्नल देणारा) कोटेशनं मागवली जातात. त्याआधी प्रेसचा क्लच, म्हणजे फिरत्या चाकाची ताकद प्रेसला जोडणारा भाग, कोणता आहे ते बघा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

जुन्या मेकॅनिकल प्रेसला पिन किंवा की क्लच असतो. पेडल दाबलं, पिन अडकली, की रॅम (पंच घेऊन खाली-वर होणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच वर येऊन थांबतो. मधे तो कशानेच थांबत नाही. अशा प्रेसवर लाइट कर्टन म्हणजे निव्वळ शोभा. हात आत गेल्याचं त्याला कळेल, सिग्नलही जाईल, पण पुढे थांबवणार कोण? न्यूमॅटिक फ्रिक्शन क्लच आणि ब्रेक असलेली प्रेस मात्र स्ट्रोकच्या मधेही थांबते. कर्टनचा विचार फक्त तिच्यासाठी.

मग पिन क्लचवर दोन हातांची बटणं लावावीत का, म्हणजे दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस चालेल अशी? अमेरिकेच्या ओशाच्या (कामगार सुरक्षेची सरकारी संस्था) नियमांत याचं गणित आहे. बटण सोडल्यावर हात सेकंदाला सुमारे 1.6 मीटर वेगाने डायकडे (पंचाखालचा साचा) जाऊ शकतो, असं त्यात धरलंय. मिनिटाला 60 स्ट्रोकची प्रेस असेल आणि फेऱ्यात पिन अडकायची जागा एकच असेल, तर रॅम खाली पोचायला 1.5 सेकंदापर्यंत वेळ लागू शकतो (पिन अडकेपर्यंत एक फेरा, मग खाली यायला अर्धा). म्हणजे बटणं डायपासून 2.4 मीटरवर हवीत! आपल्याकडे ती बेडलाच ठोकलेली दिसतात. शिवाय क्लचची पिन झिजली किंवा स्प्रिंग तुटली की प्रेस आपणहून दुसरा स्ट्रोक मारते. नेमका तेव्हा ऑपरेटरचा हात जॉब काढायला आत असतो आणि बटणांचा काडीचाही उपयोग होत नाही.

म्हणून पिन क्लचला माझं मत सरळ जाळीला. स्ट्रिप सरकवून ब्लँकिंग (पत्र्याच्या पट्टीतून पीस कापणं) करायचं असेल तर याहून चांगलं काही नाही. पंचाभोवती पत्रा किंवा जाळी लावायची आणि स्ट्रिपपुरती फट ठेवायची. फटीचं मापही ठरलेलं आहे. लांबट फट 8 मिमीपर्यंत असेल तर धोक्याची जागा तिच्यापासून किमान 20 मिमी आत हवी. फट 12 मिमी झाली की तेच अंतर 100 मिमी. गार्ड प्रेसला न लावता डायलाच बोल्टने बसवा. मग डाय बदलताना सेटरला (डाय बसवणाऱ्याला) तो काढावा लागत नाही आणि परत लावायचा विसरतही नाही. पंच फुटून तुकडा उडाला तर तो अडवणारीही जाळीच. कर्टनच्या प्रकाशातून तो आरपार जाईल.

जाळी अडचणीची ठरते ती एकेक पीस हाताने ठेवायच्या कामात. तिथे सरकती फीड प्लेट (पीस बाहेर ठेवून आत सरकवायची) किंवा इंटरलॉक असलेलं गेट (बंद झाल्याशिवाय प्रेस चालत नाही असं) लागतं. नुसता चिमटा देऊन भागवू नका. चिमटा हे हत्यार आहे, गार्ड नाही.

फ्रिक्शन क्लचवर हेच काम करायचं असेल तर कर्टन जिंकतो. ऑपरेटरच्या वाटेत काहीच येत नाही, त्यामुळे प्रॉडक्शनही पडत नाही. पण अंतर मोजूनच बसवायला हवा. प्रेस थांबायचा एकूण वेळ, कर्टन आणि रिलेचा (सिग्नल पुढे देणारा स्विच) धरून, 0.2 सेकंद असेल तर 14 मिमी रिझोल्यूशनचा (म्हणजे एवढी जाड वस्तू ओळखणारा) कर्टन डायपासून 400 मिमीवर येतो, 30 मिमीचा 500 वर. ब्रेकचं लायनर झिजलं की थांबायचा वेळ वाढतो आणि तेच अंतर अपुरं पडतं, तेव्हा हा वेळ अधूनमधून मोजावाच लागतो. दोन्ही बाजूंना जाळी नसेल तर हात कडेने आत जाणारच.

फ्रिक्शन प्रेसवर दोन बटणं जोडीला असू द्या, एकटी नकोत. ती दाबणाऱ्याचेच हात वाचवतात, समोर उभ्या हेल्परचे नाही. एका बटणात लाकडाची पाचर मारून दुसऱ्यावर काम चालवणारेही भेटतात. त्यावर उपाय म्हणजे दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबावी लागतील आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर दोन्ही सोडावी लागतील, असा सेफ्टी रिले.

पिन क्लचवर हाताने पीस ठेवायचा जॉब असेल आणि गेटही बसत नसेल, तर तो जॉब फ्रिक्शन प्रेसवर हलवा, खर्च झाला तरी. आणि कर्टन घेताना सप्लायरने थांबायचा वेळ न मोजताच जागा सांगितली, तर दुसरा सप्लायर बघा.