जादा निधी आला तर: स्मार्ट टीव्ही की वाचनताई?

कोकणातल्या बहुतेक जिल्हा परिषद शाळा लहान. तीसपर्यंत पट असेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला दहा हजारांचं संयुक्त अनुदान; त्यातच दुरुस्ती, वीजबिल, खडू. म्हणून ग्रामपंचायत किंवा गावच्या मुंबईकरांचं मंडळ चार पैसे देतं, तेव्हा ते मागे पडलेल्या मुलांपर्यंत पोचतील कसे, हा प्रश्न महत्त्वाचा.

पहिली मागणी टीव्हीची असते. कविता, नकाशे छान दिसतात, मुलं रमतात. पण पावसाळ्यात वीज जाते, खारी हवा जोडण्या गंजवते, आणि दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येईपर्यंत पडदा काळाच.

दुसरा पर्याय वाचनताईचा: गावातली बारावी झालेली मुलगी, मानधनावर रोज दोन तास मुलांचं वाचन घ्यायला. रत्नागिरीच्या आंबाबागांत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबातली मुलं घ्या. घरी भाषा वेगळी, त्यात शाळेत उशिरा दाखल. तिसरीतलं पोर ‘क’ ओळखतं, पण ‘पक्का’पाशी अडतं. त्याच्या शेजारी बसून, अक्षरावर बोट ठेवून, पुन्हा पुन्हा वाचून घेणारं कुणी लागतं. एका तासिकेत, दोन-दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना ते कसं जमणार?

‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमाचा २००१ ते २००३ दरम्यान मुंबई आणि वडोदऱ्यात अभ्यास झाला. स्थानिक तरुणींनी मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवल्यावर त्यांचे गुण वाढले. वडोदऱ्यात संगणकावरच्या खेळांनी गणितही सुधारलं, पण खर्चाच्या मानाने बालसखी सरस ठरली.

माझं मत ताईच्या बाजूने. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालकच असतात. ठराव त्यांनीच मांडावा.