साखर ‘संतुलित’ ठेवणारा जांभळा रस: दहा सकाळी, सत्तर टोचण्या

बाटलीवर दोन ओळी ठळक छापल्या आहेत: ‘अँटिऑक्सिडंट्सनी समृद्ध’ आणि ‘रक्तातील साखर संतुलित ठेवण्यास साहाय्यक’. त्या वाचूनच दादाने आईसाठी सहा बाटल्या मागवल्या. आईला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. तिने झाकण उघडण्याआधी मी सगळ्या बाटल्या उचलून माझ्याकडे आणल्या, कारण मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की हा दावा निरोगी प्रौढांवर केलेल्या चाचणीवर आधारलेला आहे. आई त्यात बसत नाही. मी बसते. वय ४३, मधुमेह नाही, आणि सोळा वर्षं लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते आहे. मग म्हटलं, आधी माझ्यावरच होऊ दे. (नाव लिहीत नाही. अशी लेबलं बऱ्याच रसांवर असतात.)

चव खरंच चांगली आहे. ब्लूबेरी, ब्लॅककरंट आणि चोकबेरी यांचा रस, रंग गडद जांभळा, आणि गिळल्यावरही जिभेवर रेंगाळणारा तुरटपणा. वरून साखर घातलेली नाही, हेही खरं. पण फळांची स्वतःची साखर आहेच: १०० मिलीत १२ ग्रॅम. सांगितल्याप्रमाणे २५० मिलीचा पेला घेतला की ३० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातली साखरही ‘मुक्त साखर’ म्हणूनच मोजते. ती रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या खाली, असं ती सांगते. २००० कॅलरींच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम. एका पेल्यात तो हिशेब संपून वर पाच ग्रॅम जास्त.

आता चाचणी. नुसता रस पिऊन साखर मोजली तर काहीच कळत नाही. निरोगी माणसाचं स्वादुपिंड वाढलेली साखर तासा-दोन तासांत खाली आणतंच, रस कुठलाही असो. शिवाय रसातला बराच भाग फ्रुक्टोज असतो आणि ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो. त्यामुळे आकडा कमी दिसला की त्याचं श्रेय अँटिऑक्सिडंटला जातं, प्रत्यक्षात ते फ्रुक्टोजचं असतं. म्हणून जोडीला तेवढ्याच साखरेचं पाणी हवंच. २५० मिली पाण्यात ३० ग्रॅम साधी साखर विरघळवली. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज निम्मंनिम्मं असतं, त्यामुळे तुलना बरीचशी न्याय्य होते. तीन सकाळी रस, तीन सकाळी साखरपाणी, दिवसाआड, रात्रभर उपाशी राहून. टोचणी उपाशीपोटी आणि मग १५, ३०, ४५, ६०, ९० आणि १२० मिनिटांनी.

पहिल्याच दिवशी रस ओतून तशीच बोट टोचायला बसले. उपाशीपोटी २१४! छातीत धस्स झालं. हात साबणाने धुऊन, पुसून पुन्हा पाहिलं तर ९१. बोटाला लागलेल्या रसाचा तो आकडा होता. घरी मोजणाऱ्यांनी हे कायम लक्षात ठेवावं, कारण असा खोटा आकडा पाहून कुणी इन्सुलिनचा डोस वाढवला तर जिवावर बेतू शकतं.

निकाल असा: साखरपाण्यानंतर सर्वांत वरचा आकडा सरासरी १३३, रसानंतर १२७, दोन्ही अर्ध्या तासाने. दोन तासांनी दोन्हींत ९०च्या आसपास. सहाचा फरक. एकदा त्याच बोटावर लागोपाठ दोन पट्ट्या लावल्या तर ११८ आणि १२७ आले. मीटरचा स्वतःचाच फरक नऊचा. ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानकही १०० आणि त्यावरच्या आकड्यांना १५ टक्के इकडे-तिकडे चालवून घेतं. अशा उपकरणावर सहाला फरक म्हणता येत नाही.

तरी समाधान होईना. फळांमधले पॉलिफेनॉल (अँटिऑक्सिडंट्सचाच एक गट) प्रयोगशाळेत पिष्टमय पदार्थ फोडणाऱ्या एन्झाइमना अडवतात, हे माहीत आहे. पण रसात पिष्ट नसतंच, मग अडवणार काय? म्हणून आणखी चार सकाळी: दोनदा पांढऱ्या ब्रेडबरोबर रस, दोनदा त्याच ब्रेडबरोबर साखरपाणी. इथे मात्र थोडं काही दिसलं. साखरपाण्याबरोबर १५१ पर्यंत गेलेला आकडा रसाबरोबर १३९वर थांबला, आणि तोही अर्ध्या तासाऐवजी पाऊण तासाने. दोन-दोन दिवसांच्या जोरावर मी छातीठोक काही म्हणणार नाही. पण फिनलंडच्या संशोधकांनी २०१३ साली निरोगी स्त्रियांना ब्रेडबरोबर बेरी दिल्या तेव्हा जेवणानंतरचं इन्सुलिन कमी वाढलं होतं. त्या बेरी अख्ख्या कुस्करलेल्या होत्या, तंतूंसकट. गाळलेला रस नव्हे. इन्सुलिन तर माझ्या मीटरला दिसतच नाही.

सर्वांत जास्त राग आला तो लेबलवरच्या ‘ओरॅक’च्या आकड्याचा. अँटिऑक्सिडंटची ताकद म्हणून तो मिरवला आहे. परीक्षानळीतला हा आकडा शरीरात काय घडतं ते सांगत नाही, म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपली ओरॅकची यादी काढून टाकली. तो आजही बाटलीवर छापणं मला अप्रामाणिक वाटतं.

चवीला पाचपैकी चार, दाव्याला एक. आवडतो म्हणून अर्धा पेला जेवणाबरोबर घ्यायला निरोगी माणसाला माझी हरकत नाही. साखर आटोक्यात राहील म्हणून विकत घेऊ नका. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी रोजचा पेला सुरू करण्याआधी डॉक्टरांना लेबल दाखवावं, पुढची बाजू नव्हे, मागची.

तीन सीलबंद बाटल्या दादाने परत पाठवल्या. आईने फोनवर विचारलं, “अगं, चव तरी घेऊ का?” म्हटलं, घे की, दोन घोट, जेवताना. उरलेली अर्धी बाटली घेऊन रविवारी तिच्याकडे जाते आहे, मीटरही बरोबर नेते.