‘होमबाउंड’ लावू की ‘भीड’?

खानापूरच्या भाच्याचा फोन. तरुण मंडळात शनिवारी एकच सिनेमा दाखवायचाय, कुठला? लांबी दोन्हींची दोन तासांच्या आसपास, तेव्हा तो मुद्दा निकालात.

अनुभव सिन्हांचा ‘भीड’ (2023) कृष्णधवल. पोरं पहिली दहा मिनिटं कुरकुरतील. गोष्ट टाळेबंदीत राज्याच्या सीमेवरच्या नाक्यावर अडलेल्यांची. 2020 मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात शिरताना कोगनोळी नाक्यावर ‘सेवासिंधूचा (कर्नाटकच्या सरकारी पोर्टलचा) पास कुठाय?’ ऐकलेल्यांना वेगळं सांगायला नको. जात इथे पोलिसाच्या वर्दीआडून डोकावते. पण पात्रं फार, मैत्रीला जागा कमी.

नीरज घायवान यांचा ‘होमबाउंड’ (2025) मात्र दोघांचाच, शोएब आणि चंदनचा. पोलीस भरतीच्या निकालाची वाट बघून थकलेले, शेवटी सुरतच्या गिरणीत. दलित चंदन अर्ज भरतो तो खुल्या गटातून. आपल्याकडं असा अर्ज भरणारी दोन पोरं तरी मला माहीत आहेत. टाळेबंदी उशिरा येते, तोवर ही जोडी आपली झालेली असते. म्हणून जास्त लागतं.

बंदोबस्त, प्रशासन यावर वाद घालायचा असेल तर ‘भीड’. तुझी पोरं रोज पहाटे भरतीसाठी पळतात, त्यांना ‘होमबाउंड’च दाखव. फक्त सिनेमा संपल्यासंपल्या दिवे लावू नकोस.